एक गडवा पाणी

धाबेझरीच्या जिल्हा परिषद शाळेत खोल्या नऊ. त्यांतली एक गळकी, म्हणून वापरात आठ. माणसं तीनशे सत्तावीस, कुटुंबं एकाहत्तर. पाच वर्षांखालची मुलं एकेचाळीस, गरोदर बाया तीन, आधाराशिवाय चालता न येणारी म्हातारी माणसं सहा. शौचालयं चार, पैकी दार असलेली दोन. हातपंप एक. हजार लिटरची प्लास्टिकची टाकी एक. व्हरांड्यात शेळ्या सव्वीस, आणि कोंबड्या. त्या एका जागी थांबत नसल्यामुळे पहिल्यांदा एकोणीस भरल्या आणि दुसऱ्यांदा बावीस.

आमच्याकडे ओआरएसच्या पुड्या दोनशे चाळीस, झिंकच्या गोळ्यांच्या पट्ट्या तीस, ब्लीचिंग पावडरची गोणी एक, पाण्यातलं क्लोरीन तपासायची पेटी एक, थर्मामीटर दोन, अंगणवाडीचा टांगायचा वजनकाटा एक. शिवाय शंभर मिलिलिटरचं काचेचं मोजपात्र, जे मी प्रयोगशाळेतून टॉवेलात गुंडाळून आणलं होतं.

हे सगळं मी पहिल्या दिवशी दुपारी चारपर्यंत वहीत उतरवलं. भांडी मोजायची गरज वाटली नाही.

हिरवाटोला या वस्तीवर सलग चार दिवस पाऊस पडला होता. पाचव्या दिवशी सकाळी टोल्याच्या डोक्यावरच्या जुन्या मालगुजारी तलावाची पाळ फुटली. टोल्यात घरांच्या दोन आळ्या. वरच्या आळीला सामान काढायला वीसेक मिनिटं मिळाली. ती माणसं पेट्या, पितळी भांडी, तांदळाच्या चुंगड्या आणि शेळ्या घेऊन निघाली. पाणी आधी सखल भागात भरलं, म्हणून खालच्या आळीला पोरं उचलण्यापुरताच वेळ मिळाला. कोणी वाहून गेलं नाही. मातीच्या भिंती मात्र बसल्या, आणि सगळा टोला अडीच किलोमीटर चालत धाबेझरीला आला, कारण शाळा उंचावर होती.

मी रुचिका, आमच्या आरोग्य केंद्राची लॅब टेक्निशियन. गोंदियात वाढले, रसायनशास्त्रात पदवी घेतली, नंतर तंत्रज्ञाचा डिप्लोमा. अकरा महिने मी रक्त, थुंकी आणि लघवी तपासत होते. माणसं माझ्यापर्यंत नळीत भरून यायची. शाळेत माझं काम ठरलेलं होतं, पाणी तपासायचं. उपचार दामिनी सिस्टर बघणार होत्या, आणि माणसं मंदाताई.

मंदाताई टोल्याची आशा. वय पन्नासच्या आसपास, आवाज शाळेच्या घंटेसारखा. टोल्यातल्या पोरांपैकी निम्म्यांच्या जन्माला त्या हजर होत्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या आयांना त्यांनी अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यात नेऊन सोडलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी सिस्टरनी मला सांगितलं, "उद्यापासून जुलाब सुरू होतील बघ. ओआरएस कसं करायचं ते फळ्यावर लिहून ठेव, मोठ्या अक्षरात."

मी व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिलं, 'एक लिटर पाणी, एक पुडी'. मंदाताई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"लिटर कोनाले समजते जी अथी?"

"सगळ्यांना समजतं ताई. पेट्रोल लिटरनंच घेतात ना?"

"मंग पेट्रोल पाजता का पोराईले?"

भिंतीला टेकून बसलेल्या बाया खळखळून हसल्या. मलाही हसू आलं.

"पानी गडव्यानं असते, मॅडम," मंदाताई म्हणाल्या. "एक गडवा पानी, एक पुडी. मी धा वर्सापासून असंच सांगून राहिली. एक तरी लेकरू मेलं का?"

बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला तांब्या म्हणतात तो इथला गडवा. मंदाताईंचा पितळी होता, गळ्याला थोडा चेपलेला. मी तो मागून घेतला आणि मोजपात्रानं भरला. दहा वेळा शंभर, वर दहा. एक हजार दहा मिलिलिटर. एक टक्का फरक. कॉलेजात द्रव मोजायच्या ब्युरेटनंही मला कधी कधी इतकाच दगा दिला होता.

मी 'लिटर' पुसलं आणि लिहिलं, 'एक गडवा पाणी, एक पुडी'. बाजूला गडव्याचं चित्र काढलं, गळ्याच्या चेपासकट. मला ते काम आवडलं. लोकांचा शब्द होता आणि मी तो तपासून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी तीन मुलांना जुलाब लागले. त्याच सकाळी एका गरोदर बाईला कळा सुरू झाल्या. नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे तिथल्या ठेंगण्या पुलावर, गुडघाभर पाणी होतं, रुग्णवाहिका येणं शक्य नव्हतं, पण ट्रॅक्टर येत होता. पलीकडून एका संस्थेनं पाठवलेलं साहित्य घेऊन तो आला आणि जाताना त्या बाईला आणि दामिनी सिस्टरना घेऊन गेला.

"मी संध्याकाळपर्यंत परत येते," ट्रॉलीतून सिस्टर ओरडल्या. "काही वाटलं तर डॉक्टरांना फोन लाव!"

संध्याकाळपर्यंत रपट्यावर छातीभर पाणी चढलं. फोनला रेंज फक्त झेंड्याच्या कट्ट्यावर होती.

ट्रॅक्टरमधलं साहित्य अठ्ठावीस कुटुंबांना पुरणारं होतं. घरातून काहीच काढू न शकलेल्यांना ते द्यायचं असं मंदाताईंनी ठरवलं आणि कोणी हुज्जत घातली नाही. एक चटई, एक चादर, दोन ताटं, दोन पेले, एक स्टीलचा गडवा. खालच्या आळीतली जवळजवळ सगळी कुटुंबं सहा आणि सात नंबरच्या खोल्यांत होती. मी नावं लिहून सह्या आणि अंगठे घेत होते.

फुलवंता नावाच्या म्हाताऱ्या बाईनं अंगठा दिला आणि नवाकोरा गडवा हातात फिरवून पाहिला.

"हा गडवा हाय?" ती म्हणाली. "माह्या गडव्यात असे दोन मावत होते."

"मिळालं ते घ्या ना आजी," मी म्हटलं. माझ्यासमोर अजून एकोणीस कुटुंबं उभी होती.

तिनं गडवा पदराखाली घेतला. "घेतलाच हाय पोरी. मी वापस कायले देऊ?"

फुलवंताबरोबर तिची सून प्रिया होती आणि प्रियाची मुलगी खुशी, चौदा महिन्यांची. फुलवंताचा मुलगा रूपेश हैदराबादेत सेंट्रिंगच्या कामावर होता. त्या दिवशी खुशीला एकदा पातळ झालं होतं. मी दोन पुड्या आणि झिंकची पट्टी दिली, फळ्याकडे बोट दाखवलं, आणि दूध पाजणं थांबवू नको असं प्रियाला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जुलाब असलेली मुलं तेरा झाली.

मी पाण्यापासून सुरुवात केली, कारण मला पाणीच येत होतं. टाकीच्या पाण्यात क्लोरीन ०.५. हातपंपाचं पाणी आम्ही टाकीत ओतूनच वापरत होतो. प्रत्येक खोलीतल्या भांड्यांतलं पाणी तपासलं, सगळीकडे ०.२ ते ०.५. म्हणजे पाणी ठीक होतं. मुलांनी जे काही पोटात घेतलं होतं ते शाळेत येण्याआधी, चिखलातून चालताना घेतलं असणार. तसं असेल तर दोन-तीन दिवसांत हे ओसरायला हवं होतं, तोवर फक्त अंगातलं पाणी टिकवायचं.

आणि बऱ्याच मुलांचं तसंच झालं. चौथ्या दिवशी सकाळी तेरापैकी आठ मुलं बरी होती. एक तर कोंबड्यांच्या मागे धावत होता.

खुशी बरी नव्हती.

तिची आकडेवारी माझ्याकडे होती. अंगणवाडीचं रजिस्टर वाहून गेलं होतं, पण जुलैचं वजन सेविकेच्या फोनमध्ये राहिलं होतं, आठ किलो सातशे. तिसऱ्या दिवशी आठ किलो शंभर. चौथ्या दिवशी सकाळी बरोबर आठ. वजन उतरत होतं, पण बाकीच्या खुणा जुळत नव्हत्या. पोटाच्या कातडीला चिमटा घेतला तर ती लगेच जागेवर जात होती; पाणी कमी झालेल्या मुलाची जात नाही. हाताला मात्र ती कणकेसारखी लागत होती. आणि ती भरपूर पीत होती. तेरा मुलांत सगळ्यांत जास्त ओआरएस तीच पीत होती, पेला तोंडापासून काढला की किंचाळायची. मी वहीत लिहिलं होतं, 'चांगलं पिते'.

"पिऊन राहिली," फुलवंता म्हणाली, "पन तहान जाऊन नाही राहिली. हे पाह्य, ओठ कसे झाले. आन् अशी दचकते."

खुशीचा हात खरंच मधूनच झटक्यात वर जात होता.

"आजी, द्यायचं थांबवू नका. जास्त द्या. दर जुलाबानंतर अर्धा पेला."

"मी नाही देत आता."

"काऊन?" मी विचारलं. तीन दिवसांत माझ्या तोंडात तो शब्द बसला होता.

"खारं हाय. त्यानंच पोट्टी सुकून राहिली."

"ते थोडं खारट असतंच. पुडी कारखान्यातून मोजून येते. त्यात चूक नसते."

"मंग चाखून पाह्य."

कॉलेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी फळ्यावर एकच नियम लिहिला होता, प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही. मी तो कधी मोडला नव्हता. मी म्हटलं, "चाखून काही कळत नाही, आजी."

फुलवंतानं माझ्याकडे पाहिलं. मग उठली, गडव्यातलं उरलेलं ओआरएस खिडकीतून बाहेर ओतून दिलं आणि परत येऊन बसली.

"आत्या!" प्रिया रडकुंडीला आली. "मॅडम सांगून राहिल्या ना! माही पोरगी मरंल ना अशानं!"

"मरंल तं ह्या पान्यानं मरंल."

मला राग आला होता, तो पुडी वाया गेल्याचा होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मी दोन नव्या पुड्या प्रियाच्या हातात दिल्या, म्हातारीच्या नाही, आणि बाहेर आले.

झेंड्याच्या कट्ट्यावरून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर केंद्रातच होते, तिथेही पुराची माणसं आली होती. मी आकडे सांगितले.

"तोंडानं घेतेय का?"

"भरपूर."

"मग वजन कसं उतरतंय? नीट बघ काय चाललंय ते. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर बोटीचं बघावं लागेल, आणि बोट आत्ता दुसऱ्या गावात आहे. झटके आले तर लगेच कळव." आवाज तुटला.

मी कट्ट्यावरच बसले आणि वहीच्या मागच्या पानावर शाळेचा नकाशा काढला. खोल्या चौकोनांनी, बरी झालेली मुलं गोलानं, न झालेली फुलीनं. एक ते पाच आणि आठ नंबरच्या खोल्यांत आठ गोल. सहामध्ये तीन फुल्या, सातमध्ये दोन. एकही अपवाद नाही.

इतका स्वच्छ नकाशा क्वचितच मिळतो. या दोन खोल्यांचं पाणीही त्याच टाकीचं, क्लोरीन तेवढंच, पुड्या त्याच खोक्यातल्या, खिचडी त्याच कढईतली. शौचालयंही तीच. खालच्या आळीतली मुलं जास्त चिखलातून आली असतील? पण मग ती जास्त आजारी पडली असती. बरी न होण्याचं कारण वेगळं हवं. मी कारणं लिहून एकेक खोडत गेले. शेवटी पानावर काही उरलं नाही.

मंदाताई चहाचा पेला घेऊन आल्या. "फुलवंतानं पानी फेकलं म्हनते?"

"हो. खारट आहे म्हणतात. तुम्ही समजावून सांगा ना त्यांना."

"खारं?" मंदाताई थांबल्या. "किती खारं म्हनली?"

"किती म्हणजे?"

"मांगं पुड्या नव्हत्या ना, तवा आमी मीठ-साखरेचं पानी सांगत होतो. तवा शिकवलं होतं आमाले. आधी आपुन चाखाचं. डोऱ्यातल्या पान्यापेक्षा खारं लागलं तं पोराले द्याचं नाही. फुलवंताच्या रूपेशले मीच पाजलं होतं तसं." त्यांनी चहा माझ्या हातात दिला. "पुड्या आल्या आन् चाखनं सुटलं."

मी चहा कट्ट्यावर ठेवला आणि सहा नंबरमध्ये गेले.

प्रियानं नवं पाणी केलेलं होतं. मीच दिलेल्या पुडीतलं, फळ्यावर लिहिल्याप्रमाणे. खुशी तिच्या मांडीवर, पेल्याकडे झेपावत होती. फुलवंता भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"प्रिया, थांब. मला दे."

मी पेला तोंडाला लावला.

रोज मी ओआरएसच्या पुड्या वाटत होते आणि ते जिभेला कसं लागतं ते मला माहीत नव्हतं. पण मला रडणं माहीत होतं. हे त्याहून कितीतरी खारट होतं.

"पाह्यलं?" फुलवंता न वळता म्हणाली.

"हे कशात केलंस?"

प्रियानं शेजारचा स्टीलचा गडवा दाखवला. "एक गडवा, एक पुडी. फळ्यावर हाय तसंच केलं मॅडम, खरंच. देवाशप्पत."

मी मोजपात्र आणायला धावले. टॉवेल सोडला आणि ते दोन्ही हातांनी धरून परत आले. गडवा काठोकाठ भरून घेतला आणि मोजपात्रात रिकामा केला. शंभर. दोनशे. तीनशे. चारशे. पाचशे. शेवटचं पात्र पूर्ण भरलं नाही. रेघ साठवर होती.

पाचशे साठ मिलिलिटर.

एक लिटरची पुडी पाचशे साठमध्ये. हजार भागिले पाचशे साठ. हे गणित मी अकरावीपासून करते, त्याला कागद लागत नाही. जवळजवळ पावणेदोन पट. खुशी दोन दिवस मिठाचं पाणी पीत होती, त्यानं तहान वाढत होती, म्हणून ती आणखी पीत होती, आणि मी लिहीत होते, 'चांगलं पिते'.

वरच्या आळीनं आपले गडवे आणले होते. खालच्या आळीला आम्ही दिले होते.

खोलीतली माणसं माझ्याकडे बघत होती. मी फुलवंतासमोर खाली बसले.

"आजी, पाणी खारंच होतं. तुमचं बरोबर होतं. हा गडवा लहान आहे आणि मी फळ्यावर गडवा लिहिलं. चूक माझी आहे, प्रियाची नाही."

फुलवंता माझ्याकडे वळली.

"मी सांगतलं होतं तुले," ती म्हणाली. "माह्या गडव्यात असे दोन मावत होते."

"हो. सांगितलं होतं."

"तुले वाटलं, बुढी रडून राहिली गडव्यासाठी."

"हो."

"रडतच होती," ती म्हणाली. "पन मोजून रडत होती ना, बाई." आणि तिनं खुशीला प्रियाच्या मांडीवरून उचलून स्वतःकडे घेतलं. "आता काय द्याचं ते सांग. लवकर सांग."

ते मला माहीत नव्हतं. मी कट्ट्यावर गेले. तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला. डॉक्टर ऐकून घेताना एकदा फक्त "अरे" म्हणाले, मग सावकाश बोलू लागले, मी लिहून घेऊ शकेन असे.

"घाई करायची नाही. अंगात मीठ वाढलंय. एकदम साधं पाणी ढोसलं तर झटके येतील. आईचं दूध, जेवढं घेईल तेवढं. मधे बरोबर प्रमाणातलं ओआरएस, चमच्यानं. दोन चमचे, एक मिनिट थांबायचं, दोन चमचे. किंचाळली तरी पेला द्यायचा नाही. लघवी कधी झाली ते लिहायचं. दर दोन तासांनी मला फोन. बाकीची चार मुलं?"

"थोडी मोठी आहेत. पीत कमी होती."

"त्यांचं नशीब. त्यांनाही हेच. बोटीसाठी मी बोलतो. आणि रुचिका, ते फळ्यावरचं आधी पूस."

मी आधी चमचा आणि घड्याळ घेऊन सहा नंबरमध्ये गेले, मग फळ्याकडे. गडव्याचं चित्र पुसायला दोनदा ओला फडका मारावा लागला.

पण त्या जागी काय लिहायचं ते सुचेना. 'लिटर' कोणाकडे नव्हतं. 'स्टीलचे दोन, पितळेचा एक' लिहिलं, आणि मग पितळेचा म्हणजे तरी किती, असा प्रश्न पडला. मी एकच पितळी गडवा मोजला होता. म्हणून मंदाताईंनी घंटा वाजवली आणि सगळ्यांना आपापले गडवे घेऊन व्हरांड्यात यायला सांगितलं.

अडुसष्ट गडवे आले. सर्वांत लहान पाचशे वीस. सर्वांत मोठा तेराशे चाळीस, तो पतिराम नावाच्या म्हाताऱ्याचा.

"हा गडवा हाय का बादली?" कोणीतरी म्हणालं.

"माह्या बापाचा हाय," पतिराम म्हणाला. "त्याले तहान जास्त लागत होती."

पितळी गडव्यांतले एक लिटरच्या आसपास भरणारे फक्त चार होते. मंदाताईंचा त्यांतला एक, आणि पहिल्या दिवशी तोच माझ्या हातात आला होता. वरच्या आळीची आठ मुलंही निरनिराळ्या खारटपणाचं पाणी प्यायली होती. ते चालण्याजोगं होतं इतकंच.

अर्धा लिटर मात्र प्रत्येक गडव्यात बसत होतं. मी मोजपात्रानं पाचशे ओतायचं आणि पाणी जिथं थांबेल तिथं आतून खिळ्यानं रेघ ओढायची, असं ठरलं.

"माह्या लगनाचा गडवा हाय," एक बाई मागे सरकली. "ओरखडा नोको बापा त्याले."

मंदाताईंनी माझ्या हातातला खिळा घेतला आणि पहिली रेघ स्वतःच्या गडव्याला ओढली, चांगली करकर आवाज करत. "घे. माहाई लगनाचाच होता. नवरा गेला, गडवा हाय. आन इकडे."

फळ्यावर मी लिहिलं, 'रेघेपर्यंत दोनदा पाणी, गंजात ओता. एक पुडी. आधी स्वतः चाखा.' गंज म्हणजे इथलं पातेलं; खालच्या आळीसाठी ते शाळेच्या स्वयंपाकघरातून काढले. शेवटचं वाक्य मंदाताईंनी सांगितलं तसं, त्यांच्या शब्दांत, खाली परत एकदा लिहिलं.

दुपारभर फुलवंतानं खुशीला चमच्यानं पाणी पाजलं. दोन चमचे, मग एक ते साठ. मोजायला तिनं मला बसवलं. वीसच्या पुढे ती स्वतः मोजत नव्हती, पण मी घाईनं म्हटलं की तिला कळत होतं.

"पुन्हा मोज. हे मिनिट लहान होतं."

खुशी पहिला तासभर पेल्यासाठी ओरडत होती. तो आवाज नेहमीच्या रडण्यासारखा नव्हता, वरच्या पट्टीत आणि कोरडा. प्रिया दोनदा उठून बाहेर गेली. दुसऱ्या वेळी फुलवंता म्हणाली, "तू बाहेर नोको जाऊ. तुह्या अंगावर घे तिले," आणि प्रिया परत येऊन बसली. मुलीनं दूध घेतलं, पहिल्यांदा तीन मिनिटं, चारच्या सुमाराला अकरा. साडेपाचला हात झटकणं कमी झालं. सव्वासहाला ती प्रियाच्या मांडीवर झोपली आणि मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, झोपू दे, पण दर तासाला उठवून बघा, जागी होते ना.

होत होती. शेवटच्या वेळी तर तिनं माझ्या हातातला चमचा हिसकावला.

पाचव्या दिवशी सकाळी मी खोलीत शिरले तेव्हा फुलवंतानं आपलं लुगडं माझ्यासमोर धरलं. मांडीवर ओला डाग होता, वीतभर रुंद.

"मोज," ती म्हणाली.

"हे नाही मोजता येत, आजी."

"मंग लिव तरी."

मी वेळ विचारून लिहिली. त्या दिवशी अशा चार नोंदी झाल्या, आणि पातळ जुलाब दोन. उरलेल्या चार मुलांपैकी तिघांना दुपारी खिचडी लागली. संध्याकाळी फुलवंता व्हरांड्यात येऊन माझ्याजवळ बसली, स्टीलचा गडवा मांडीवर घेऊन. आतल्या रेघेवरून ती बोट फिरवत होती.

"माहा गडवा सापडला तं त्याले बी रेघ मारून देशील?"

"देईन."

"वर दुसरी बी मारजो. अख्ख्या पुडीची."

"त्यात अकराशे वीस मावत असतील. म्हणजे रेघ गळ्याखाली येईल."

"तू पाह्यला नाही, भरला नाही, आन् रेघ कुठी येते ते सांगते?" ती म्हणाली. "पुन्हा तेच?"

मी वही मिटली. "आधी मोजेन."

सहाव्या दिवशी पहाटेपासून पाऊस नव्हता. दहाच्या सुमाराला रपट्यावरचं पाणी घोट्यापर्यंत उतरलं आणि साडेअकराला आरोग्य केंद्राची गाडी शाळेत आली. डॉक्टर आणि दामिनी सिस्टर दोघंही होते. सिस्टरनी आल्या आल्या सांगितलं की त्या बाईला मुलगी झाली, दोन किलो नऊशे. डॉक्टर आधी फळ्यासमोर उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले. मग सहा नंबरमध्ये गेले, खुशीला तपासलं, तिचे हात हलवून पाहिले, डोळ्यांसमोर किल्ल्यांचा जुडगा नाचवला. तिनं तो धरला आणि सोडला नाही.

"रक्त तपासायला घेऊन जातो हिला," ते प्रियाला म्हणाले. "उद्या परत आणून सोडतो. वजन घ्या आधी."

सेविकेनं काटा खिडकीच्या गजाला अडकवला. मी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणला, नेहमीप्रमाणे. डॉक्टरांनी आपला जुडगा सोडवून घेतला. फुलवंतानं खुशीचं झबलं काढलं, हातातली काळ्या मण्यांची मनगटीही काढली, कारण तेरा दिवसांपूर्वी अंगणवाडीतही ती काढूनच वजन घेतलं होतं असं ती म्हणाली, आणि मुलीला झोळीत ठेवून हात मागे घेतले.

काटा डोलत राहिला. सगळे थांबलो.

आठ किलो पाचशे ग्रॅम.